रागी, हुंकार आणि सोबती : रायपूरच्या संदर्भात कथाकथनाचा विचार

१. प्रास्ताविक

कथा लिहिणे आणि कथा सांगणे या दोन भिन्न कृती आहेत, हे मराठी समीक्षेने तत्त्वतः मान्य केलेले आहे. प्रत्यक्षात मात्र कथाकथनाचा विचार करताना ती बहुधा लिखित कथेच्याच निकषांकडे वळते. कथानक, व्यक्तिचित्रण, बोलीचा वापर, विनोदाची जात यांची चर्चा होते. सादरीकरणाचा मुद्दा आलाच, तर निवेदकाचा आवाज, हावभाव आणि विराम यांबद्दल चार गौरवपर वाक्ये लिहिली जातात. ऐकणाऱ्याचा विचार ‘श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ या ठरीव शब्दप्रयोगापाशी संपतो. निवेदकाच्या शेजारी बसणारा, त्याला होकार देणारा, मध्येच प्रश्न विचारून अडवणारा जो सोबती अनेक भारतीय कथनपरंपरांत आढळतो, त्याच्याकडे तर फारसे लक्ष गेलेले नाही.

कथासंग्रह माणूस एकट्याने वाचतो. कथाकथनाला मात्र तो बहुधा कोणाला तरी बरोबर घेऊन जातो. मग ती गावाच्या चावडीपुढची रात्र असो, मंडळाच्या सभागृहातील कार्यक्रम असो की अलीकडच्या काळात शहरातील एखाद्या पबमध्ये मित्राबरोबर घालवलेली संध्याकाळ असो. ऐकण्याच्या क्रियेत ही सोबत केवळ सोयीची आहे की कथनाच्या घडणीचाच ती भाग आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी रायपूर हे शहर विशेष उपयुक्त ठरते. छत्तीसगढची पंडवानी आणि मराठी माणसाने आपल्याबरोबर आणलेली कथाकथनाची आवड या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी नांदत आल्या आहेत. पंडवानीने सोबत्याला मंचावर कायम जागा दिली. आधुनिक मराठी कथाकथनाने त्याला मंचावरून उतरवले. या फरकाचे परिणाम कथेच्या आशयापर्यंत पोहोचले आहेत, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. रायपूर : शेजारी नांदणाऱ्या दोन परंपरा

रायपूरशी मराठीचा संबंध अडीच शतकांहून जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. १८१८ नंतर प्रशासनाचे केंद्र रतनपूरहून रायपूरला आले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले; परंतु नागपूरशी असलेले नाते तुटले नाही. मध्य प्रांत आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतचा मध्य प्रदेश यांची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे शिक्षक, वकील, कारकून, रेल्वेतील नोकर अशा अनेक मराठी कुटुंबांचे रायपूरला येणेजाणे एकाच प्रांतातील येण्याजाण्यासारखे होते. तात्यापारा ही वस्ती आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ या त्या वसाहतीच्या आजही दिसणाऱ्या खुणा आहेत.

या मराठी समाजाने छत्तीसगढला जे वाङ्मयीन योगदान दिले, त्याचा महत्त्वाचा भाग हिंदीत आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. त्यांच्याबरोबर वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर होते. याच मासिकात १९०१ मध्ये आलेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील पहिल्या कथांमध्ये गणली जाते. जमीनदाराने झोपडी बळकावलेली एक गरीब विधवा त्याच्याकडे टोपलीभर माती मागते आणि ती टोपली उचलण्याची विनंती त्यालाच करते, एवढीच ती गोष्ट आहे. तिची बांधणी छापील कथेपेक्षा सांगितलेल्या गोष्टीला जवळची आहे : मोजकी पात्रे, एकच वस्तू आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘खरे आहे’ असा उद्गार निघावा अशी कलाटणी. मराठी घरातील लेखकाने हिंदी कथेच्या उंबरठ्यावर ठेवलेले हे पाऊल मौखिक वळणाचे आहे.

पन्नास-साठ वर्षांनंतर याच प्रदेशात दुसरा मराठी भाषक लेखक आला. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकातील ‘तीसरा क्षण’ या प्रसिद्ध लेखात सर्जनप्रक्रियेची मीमांसा केशव नावाच्या मित्राशी झालेल्या संवादातून येते. मित्र शंका काढतो, हटकतो, उत्तराने समाधान न झाल्याचे दाखवतो आणि त्यामुळे विचार पुढे सरकतो. समीक्षेसारख्या एकट्याने करावयाच्या कामातही मुक्तिबोधांना सोबती लागला. पंडवानीचा त्यांच्यावर प्रभाव होता, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. सोबत्याशी बोलत आशय घडवण्याची पद्धत मौखिक परंपरेपुरती मर्यादित नाही, एवढेच या उदाहरणावरून दिसते.

३. पंडवानीतील रागी

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. तिच्या दोन शैली मानल्या जातात. वेदमती शैली सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा आधार घेते आणि परंपरेने बसून सादर होते. कापालिक शैलीत कथा ‘कपाळात’, म्हणजे स्मरणात असते. निवेदक उभा राहून, हालचालींसह ती सादर करतो. झाडूराम देवांगन आणि पूनाराम निषाद हे वेदमती शैलीचे नामवंत गायक. तीजनबाईंनी कापालिक शैली स्वीकारली. स्त्रियांनी बसून गावे, असा संकेत असताना त्यांनी उभे राहून पंडवानी सांगितली आणि भिलाईजवळच्या गनियारी गावापासून परदेशांतील रंगमंचांपर्यंत ती नेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेमुळे १९८८ मध्ये त्यांची पंडवानी देशभरातील घरांत पोहोचली.

तीजनबाईंवर जे लिहिले गेले, त्यात त्यांच्या हातातील तंबुऱ्याचे वर्णन हमखास येते. मोरपिसे लावलेला तो तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य, तर कधी द्रौपदीचे केस. हे वर्णन यथार्थ आहे. पण अपुरे आहे. तंबुऱ्याची गदा झाली हे मान्य करणारा पहिला माणूस मंचावरच बसलेला असतो. तो रागी होय. मराठी वाचकाला हा शब्द रागीट माणसाचा वाटण्याचा संभव आहे. पंडवानीत तो गायनातील आणि कथनातील साथीदाराचा वाचक आहे. पेटी, तबला, ढोलक, मंजिरा वाजवणारे इतर साथीदार असतात. त्यांच्यापैकी रागीकडे कथेच्या दृष्टीने वेगळे काम असते.

हे काम चार प्रकारचे आहे. पहिले, निवेदकाने म्हटलेली ओळ उचलून धरणे. त्यामुळे निवेदकाला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात ती ओळ दुसऱ्यांदा पडते. दुसरे, हुंकारू देणे. निवेदक गद्यात बोलू लागला की प्रत्येक वाक्यखंडानंतर रागी ‘हां’ म्हणतो. हा होकार तालाचेही काम करतो. गद्याला तो लय देतो. तिसरे, प्रश्न विचारणे. ‘फेर का होइस?’, म्हणजे ‘मग काय झाले?’, हा प्रश्न त्याच्या तोंडी शोभतो. चौथे, शंका काढणे, थट्टा करणे, कथेतील प्रसंगाला आजच्या गावगाड्याचा दाखला जोडणे. निवेदक राजसभेत असतो तेव्हा रागी गावात असतो. दोघांच्या बोलण्यातून श्रोता एकाच वेळी दोन्हीकडे राहू शकतो.

यातील हुंकारूचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. दुःशासनाचा वध कोण करणार, हे पंडवानी ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. रागीला तर ते शेकडो वेळा ऐकून पाठ झालेले असते. तेव्हा त्याचा ‘मग काय झाले?’ हा प्रश्न माहितीसाठी नाही. निवेदकाला पुढे जाण्याची संमती तो सर्वांच्या वतीने देतो. ‘इथवर तू सांगितलेस ते आम्ही स्वीकारले, आता पुढे चल,’ असा त्याचा अर्थ आहे. सभागृहातील टाळी प्रसंगाच्या शेवटी येते आणि ती निवेदकाच्या कौशल्याला असते. हुंकारू प्रसंग घडत असताना येतो आणि तो कथेला असतो. फौजेत नगारा तसा गोष्टीत हुंकारा, अशा अर्थाची म्हण राजस्थानात आहे; तिच्यातील नगाऱ्याची उपमा याच अर्थाने समर्पक आहे. नगारा लढाई संपल्यावर वाजत नाही.

४. मराठी परंपरेतील सोबती

मराठी कथनपरंपरेला हा सोबती अपरिचित नाही. मुलाला गोष्ट सांगणारी आजी ‘हूं म्हण’ असे बजावते. हूं थांबले की मूल झोपले, हे तिला कळते. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी ‘जी जी’ची झील धरतात. गोंधळात आख्यान सांगणाऱ्या नाईकाला त्याचा साथीदार भाबडे, तिरकस प्रश्न विचारतो आणि उत्तरांतून निरूपण रंगते. वारकरी कीर्तनात टाळकरी चरण उचलतात आणि कीर्तनकाराला पुढील दृष्टान्ताकडे वळण्यास अवधी मिळतो. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजालाही अडवतो. छत्तीसगढच्या नाचामध्ये जोक्कडांची जोडी जे करते, त्याच्याशी या सोंगाड्याचे जवळचे नाते आहे. हबीब तनवीर हे मूळचे रायपूरचे. १९७३ मध्ये रायपूर येथील कार्यशाळेतून त्यांनी नाचाच्या कलावंतांना घेऊन आपल्या नाटकांची वाट शोधली, तेव्हा या जोडीच्या संवादातील मोकळीक त्यांना फार उपयोगी पडली.

यापैकी कोणतीही व्यवस्था आधुनिक मराठी कथाकथनात आली नाही. याचे कारण त्या प्रकाराच्या जन्मात आहे. कथाकथन कीर्तनातून किंवा गोंधळातून वाढलेले नाही. ते मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून छापल्या गेलेल्या कथेतून वाढले. छापलेल्या कथेचा लेखक स्वतः व्यासपीठावर आला आणि आपली कथा सांगू लागला. कथा त्याच्या मालकीची, शब्द ठरलेले, शेवट त्यालाच माहीत. अशा कथेत दुसऱ्याने प्रश्न विचारणे म्हणजे संहितेत हस्तक्षेप करणे ठरते. पंडवानीचा निवेदक कथेचा मालक नसतो. म्हणूनच त्याला अडवता येते. कथाकार-निवेदकाला अडवता येत नाही. लेखकत्वाची आधुनिक कल्पना आणि रागीची अनुपस्थिती यांचा असा थेट संबंध आहे.

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी मिळून केलेल्या कथाकथनाच्या कार्यक्रमांनी या प्रकाराला लोकमान्यता मिळवून दिली. तिघे समवयस्क, तिघेही ग्रामीण जीवनाचे कथाकार आणि तिघेही पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे मित्रांचे कथाकथन होते, ही बाब महत्त्वाची आहे. तथापि त्यांची मैत्री कार्यक्रमाच्या रचनेत होती, कथनाच्या रचनेत नव्हती. प्रत्येकाने आपली कथा एकट्यानेच सांगितली. दुसऱ्याच्या कथेत हुंकार देण्याची जागा तिघांपैकी कोणालाही नव्हती.

५. हशा, वाहवा आणि मौन

सोबती मंचावरून गेल्यावर त्याचे काम कोणीतरी करणे भागच होते. ते काम सभागृहाकडे आले आणि सभागृहाला ते करण्याचे एकच सोपे साधन उपलब्ध होते : हशा. आपण सांगत आहोत ते पोहोचते आहे की नाही, हे निवेदकाला अंधारातील श्रोत्यांच्या हसण्यावरूनच कळू लागले. कथाकथन विनोदाकडे झुकले याचे श्रेय किंवा दोष श्रोत्यांच्या अभिरुचीला देण्याची प्रथा आहे. त्या झुकण्यामागे ही रचनात्मक निकड होती, हे अधिक सयुक्तिक वाटते. करुण प्रसंगाला सभागृह मौनाने प्रतिसाद देते. ते मौन तल्लीनतेचे आहे की कंटाळ्याचे, हे एकट्या निवेदकाला ओळखता येत नाही. रागी असता तर त्या मौनात त्याचा हलका ‘हां’ ऐकू आला असता.

मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ही कथा या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. रात्रीच्या अंधारातील एका गैरसमजातून भुताची बातमी जन्माला येते आणि सांगणाऱ्यागणिक वाढत जाते. या कथेचा विषयच मुळी कथाकथन हा आहे. प्रत्येक ऐकणारा पुढचा सांगणारा होतो, आणि ऐकणाऱ्याच्या विस्फारलेल्या डोळ्यांनी सांगणाऱ्याला चढ चढतो. म्हणजे कथेच्या आत हुंकार भरपूर आहेत. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या कथा मंचावर इतक्या यशस्वी झाल्या, याचे एक रहस्य येथे आहे. त्या संवादप्रधान आहेत. पाटलांच्या ‘धिंड’सारख्या कथेत छोट्या छोट्या वाक्यांची देवाणघेवाण एकामागून एक येते. मंचावरून गेलेला रागी संहितेत जाऊन बसला आणि निवेदक त्याचाही आवाज स्वतःच काढू लागला. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात लक्ष्मण देशपांडे यांनी बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या, तेव्हा ही प्रक्रिया टोकाला पोहोचली. सांगणारा आणि विचारणारा, दोघेही एकाच देहात आले. १९६१ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणली, तेव्हा एकट्याने चाळभर माणसे उभी करण्याचा वस्तुपाठ मराठी श्रोत्यांना मिळालाच होता.

व. पु. काळे यांचे कथाकथन वरकरणी या विवेचनाला अपवाद वाटते. त्यांच्या कार्यक्रमात श्रोते हसत तसेच गहिवरतही. शहरी मध्यमवर्गाचे कौटुंबिक ताणतणाव त्यांनी मंचावर आणले आणि ध्वनिफितींमुळे ते घरोघरी गेले. परंतु तेथेही प्रतिसादाची रीत पाहिली, तर ती वाक्यान्ती येणाऱ्या वाहवेची आहे. श्रोत्याने लक्षात ठेवावे, वहीत उतरवून घ्यावे असे सुभाषितवजा वाक्य आले की सभागृह दाद देई. हशा काय किंवा वाहवा काय, दोन्ही प्रतिसाद क्षणिक आहेत. त्यांना उसळी घेण्यासाठी वाक्याचा विशिष्ट शेवट लागतो. हुंकार सलग असतो; त्याला शेवटाची गरज नसते. म्हणूनच पंडवानी तासन्‌तास चालू शकते आणि तिच्यात युद्धाइतकाच शोकही मावतो. मराठी कथाकथनाला मात्र कलाटणी, कोटी किंवा सुभाषित यांवाचून पुढे जाता येईनासे झाले.

याचा परिणाम कोणत्या कथा मंचावर येतात यावर झाला. व्यंकटेश माडगूळकर हे नवकथेच्या प्रमुख कथाकारांपैकी एक. ‘माणदेशी माणसं’मधील त्यांची मितभाषी शैली वाचकाला दीर्घकाळ सोबत करते. तिघांमध्ये हशा पिकवण्याचे श्रेय मात्र पाटील-मिरासदारांकडेच अधिक गेले. गंगाधर गाडगीळ यांची मनोव्यापारांत शिरणारी कथा किंवा जी. ए. कुलकर्णी यांची नियतीच्या सावलीतील दीर्घ कथा यांना कथाकथनाच्या मंचावर मिरासदारांच्या कथेसारखे स्थान मिळाले नाही. या कथा वाचण्यासाठीच आहेत, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येईल. महाभारतही मनोव्यापार आणि नियती यांनीच भरलेले आहे, हे लक्षात घेतले तर तो मिटत नाही. कर्णाची कोंडी सांगण्यासाठी ज्या परंपरेने रागी बसवला, तिला जीएंच्या पात्रांची कोंडी सांगणे अशक्य वाटले नसते.

६. पबमधील संध्याकाळ

एकविसाव्या शतकात कथा सांगण्याला नव्या जागा मिळाल्या. १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉर्ज डॉझ ग्रीन यांनी ‘द मॉथ’ या नावाने कथनाच्या बैठका सुरू केल्या. जॉर्जियामध्ये मित्रांच्या घराच्या ओसरीवर रात्री रंगणाऱ्या गप्पांची आठवण त्यामागे होती. कागद हाती न घेता, स्वतःच्या आयुष्यातील खरी गोष्ट, ठरलेल्या वेळात सांगावयाची, हा त्यांचा नियम. बैठकीच्या खोलीतून त्या कॅफेंत आणि मद्यगृहांत गेल्या. भारतातील महानगरांतही पुढे तसल्या संध्याकाळी होऊ लागल्या. ‘पब’ हा शब्द ‘पब्लिक हाउस’ या शब्दाचे लघुरूप आहे. म्हणजे मुळात ते सार्वजनिक घर. १ नोव्हेंबर २००० रोजी राजधानी झाल्यापासून झपाट्याने वाढलेल्या रायपूरलाही व्हीआयपी रोडवरील हॉटेले आणि पब यांमुळे हे घर आता अपरिचित राहिलेले नाही.

या संध्याकाळींची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. सभागृहातील खुर्च्यांच्या रांगांनी श्रोत्याला एकटे केले होते. पबमधील मेजाने त्याला पुन्हा सोबत्याशेजारी, किंबहुना समोरासमोर बसवले. तेथे आलेला माणूस मुख्यतः मित्रासाठी येतो. गोष्ट त्याला त्यानंतर हवी असते. पेल्यांचा आवाज, मागवलेले पदार्थ आणणारे वाढपी, शेजारच्या मेजावरील गप्पा यांतून श्रोत्याचे लक्ष मिळवण्याचे काम निवेदकाला प्रत्येक मिनिटाला करावे लागते. गावच्या पंडवानीलाही रात्रभर हेच करावे लागे. मूल रडते, कोणी विडी पेटवते, कोणी उठून जातो. तरी कथा चालू राहते. या अर्थाने पब हा सभागृहापेक्षा चावडीला जवळचा आहे.

फरक पडतो तो कथेच्या मालकीमुळे. पंडवानीतील कथा सर्वांची असते. पबमधील कथा सांगणाऱ्याची खासगी असते. तिचा शेवट केवळ त्यालाच ठाऊक, आणि ती खरी असल्याचा दाखलाही तोच. ऐकणाऱ्याजवळ त्यामुळे संमती देण्याचा अधिकार उरत नाही. त्याने कौतुक करावे एवढीच अपेक्षा राहते. प्रत्येक कबुलीजबाबाला टाळ्या मिळतात आणि कोणत्याच कबुलीजबाबाला प्रश्न विचारला जात नाही. ‘असे कसे झाले?’ असे विचारणे तेथे उद्धटपणाचे ठरेल. मेजावरचा मित्र हुंकार देऊ शकेल इतका जवळ असतो. पण तो निवेदकाचा सोबती नसतो, श्रोत्याचा असतो. तो हळूच जे कानात सांगतो, ते निवेदकापर्यंत पोहोचत नाही.

उर्दू दास्तानगोईच्या पुनरुज्जीवनाने या अडचणीतून एक वाट काढली. शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये निवर्तले आणि परंपरा खंडित झाली. २००५ मध्ये महमूद फारूकी यांनी दिल्लीत ती पुन्हा मंचावर आणताना एका दास्तानगोऐवजी दोघांना बसवले. जुन्या प्रथेत नसलेला हा बदल होता. शहरी श्रोत्याला दाद कशी द्यावी हे ठाऊक नाही, तेव्हा मंचावरच दाद देणारा दुसरा हवा, ही गरज त्यातून भागली. खंडित परंपरेचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांना सोबती नव्याने निर्माण करावा लागला. मराठी कथाकथनाच्या अभ्यासकांनी या घटनेकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

७. रायपूरच्या मराठी श्रोत्याचा प्रश्न

हा सारा ऊहापोह रायपूरच्या मराठी श्रोत्याच्या बाबतीत केवळ शैलीचा राहत नाही. महाराष्ट्राबाहेर दोन-तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत भाषेचा ऱ्हास एका ठरावीक क्रमाने होतो. प्रथम लेखन जाते, मग वाचन; बोलणे घरापुरते उरते; ऐकून समजणे सर्वांत शेवटी जाते. ज्यांची वाचनाची मराठी गेली पण श्रवणाची मराठी शाबूत आहे, त्यांच्यासाठी कथाकथन हा मराठी साहित्याशी उरलेला प्रमुख दुवा ठरतो. मंडळाच्या कार्यक्रमात नातवंडांना आणून बसवणाऱ्या आजीआजोबांना हे शास्त्रीय परिभाषेवाचून कळलेले असते.

आणि नेमक्या याच श्रोत्यापुढे एकट्याने सांगितलेली कथा अडखळते. रायपूरची मराठी नागपुरी वळणाची आहे. हिंदी आणि छत्तीसगढी तिच्यात मुरलेल्या आहेत. शंकर पाटलांची कोल्हापूरकडची बोली किंवा माडगूळकरांची माणदेशी बोली तिच्यापासून दूर आहे. विनोद बोलीच्या ओळखीवर अवलंबून असतो. शब्द कळेपर्यंत हशाची वेळ निघून जाते. शेजारी बसलेली आई मुलाच्या कानात अर्थ सांगते, तोवर निवेदक पुढच्या प्रसंगात पोहोचलेला असतो. येथे जी कुजबूज होते, तिला कार्यक्रमाचे आयोजक अडथळा मानतात. वस्तुतः ते रागीचेच काम आहे. फक्त ते चुकीच्या जागी, चोरून चालले आहे.

पंडवानीचा रागी ओळ उचलतो, दुसऱ्या शब्दांत मांडतो, भाबडा प्रश्न विचारून निवेदकाला स्पष्टीकरण द्यायला लावतो. हेच काम मराठी कथाकथनाच्या मंचावर दुसऱ्या भाषकाने का करू नये? मराठीत कथा सांगणारा आणि छत्तीसगढीत किंवा रायपुरी हिंदीत हुंकार देणारा अशी जोडी कल्पनेत अशक्य नाही. ‘फेर का होइस?’ या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळेल. ज्याला उत्तर अर्धे कळले त्याला पुढच्या प्रश्नावरून उरलेले कळेल. अशा जोडीत भाषांतर होते, पण ते कथेच्या बाहेर उभे राहून होत नाही. मराठी मातृभाषेच्या सप्रे आणि मुक्तिबोध यांनी ज्या शहरा-प्रदेशात हिंदीत लिहिले, तेथे दोन भाषांना एका मंचावर बोलते करणे परंपरेला सोडून होणार नाही.

या सूचनेवर दोन आक्षेप संभवतात. रागी हे उपकरण नाही, उचलून कोठेही ठेवता येईल असे ते साधन नव्हे. त्याच्यामागे गायनाची तालीम, सामायिक कथेचा साठा आणि गुरुकुलासारखी सोबत असते, हा पहिला. तो योग्य आहे. एका संध्याकाळीपुरता बसवलेला सोबती कृत्रिम वाटेल. आठवड्यामागून आठवडे बरोबर बसणारी माणसेच ही कला घडवू शकतील. दुसरा आक्षेप लेखकाच्या संहितेबद्दलचा आहे. पाटलांच्या किंवा मिरासदारांच्या शब्दांत प्रश्न घुसवले तर त्यांच्या रचनेची लय मोडेल. याला उत्तर असे की, प्रत्येक कथा त्यासाठी योग्य नाही. लोककथेला जवळची, स्मरणातून सांगता येणारी, एका वस्तूभोवती फिरणारी कथा या जोडीला मानवेल. सप्रे यांच्या टोपलीभर मातीची गोष्ट ही प्रारंभासाठी उत्तम निवड ठरेल. ती मराठीत सांगितली, तर हिंदी कथेच्या इतिहासातील एक पान मराठी घरात परत येईल.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. कथाकथनात ऐकणारा हा कथनाच्या घडणीचा भाग असतो आणि पंडवानीने रागीच्या रूपाने त्याला मंचावर स्थान दिले आहे. मराठी मौखिक परंपरेतही हे स्थान होते. छापील कथेतून जन्मलेल्या आधुनिक कथाकथनात ते लोपले. लोपलेल्या सोबत्याचे काम हशाने आणि वाहवेने केले व त्यामुळे मंचावर येणाऱ्या कथेचा पल्ला आखूड झाला. पबसारख्या नव्या जागांनी श्रोत्याला त्याचा मित्र परत मिळवून दिला, निवेदकाला मात्र नाही. पंडवानीच्या समीक्षेनेही तंबुऱ्याइतके लक्ष रागीकडे दिलेले नाही. तेव्हा ही उणीव केवळ मराठीची नाही.

कथाकथनाच्या मूल्यमापनात यापुढे ‘निवेदकाने कथा कशी सांगितली’ या प्रश्नाबरोबर ‘ती कोणाला उद्देशून सांगितली आणि त्याला उत्तर देण्याची मुभा होती काय’ हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. रायपूरसारख्या शहरात या प्रश्नाचे उत्तर एका भाषिक समाजाच्या पुढील पिढीपर्यंत जाते. मराठी कथा ऐकून ‘हूं’ म्हणणारी मुले तेथे अद्याप आहेत. तो ‘हूं’ मंचावरून ऐकू येईल अशी बैठक मांडणे बाकी आहे.